सगुणाची पडवी

फार फार पूर्वी, तारीख-वार मोजायची रीतसुद्धा अजून कुणी काढली नव्हती तेव्हा, डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. त्या गावाची कीर्ती पंचक्रोशीत पसरली होती, ती तिथल्या टापटिपीमुळे.

सूर्य मावळताना देवळातली घंटा वाजे. तिचा नाद विरायच्या आत घराघरांतलं चालू काम नाहीसं होई. करवत लाकडात अर्धी शिरलेली असली तरी बाहेर ओढली जाई. विणकाम, शिवणकाम, रंगकाम, जे काही हातात असेल ते भराभर पोत्यात कोंबायचं. पोती माळ्यावर, कणगीमागे, खाटेखाली सारायची. आणि मग हात-पाय धुऊन दिवा लावायचा. “दिवेलागणीला घरात अर्धवट काम दिसलं, की लक्ष्मी उंबऱ्यावरूनच परत जाते,” असं तिथली माणसं एकमेकांना सांगत. हे पहिल्यांदा कुणी सांगितलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायचं धाडसही कुणी केलं नव्हतं.

परगावचे पाहुणे येत. “काय लखलखीत घरं!” म्हणत. आणि जमिनीवर बसत, कारण चटई विणून पुरी झालेली नसे.

कशी होणार? सकाळी उठून माणसं आधी पोती उपसत. रंधा सापडला तर पटाशी सापडत नसे. खिळे तिखटाच्या डब्यात निघत. सगळं जमवून कामाला हात लावावा, तोवर ऊन कलतं झालेलं असे. थोडं ठोकाठोक केलं, की घंटा. पाळणा तयार व्हायचा, तेव्हा त्यातलं बाळ शेजारच्या पोरांशी भांडण्याइतकं मोठं झालेलं असायचं. छपरं गळत. दारं कुरकुरत. पण संध्याकाळी घरं मात्र अशी कोरी दिसत, की जणू तिथे कुणी राहतच नाही.

या गावात सगुणा नावाची एक तरुण मुलगी राहत होती.

सगुणाचे वडील चिंचेच्या झाडावरून पडले आणि त्यांचे पाय कायमचे गेले. तेव्हापासून ते मागच्या खोलीत खाटेवर असत. त्या खोलीला एक खिडकी होती, आणि खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसत होती. पूर्वी नदीवर जाऊन गळ टाकायचा त्यांना भारी नाद. आता ते सगुणाला विचारत, “सगे, पाणी किती आलंय गं नदीला?” सगुणा सांगे. ते डोळे मिटून ऐकत. पुन्हा भिंतीकडे बघत.

म्हणून सगुणाने चाकांची खुर्ची करायला घेतली. लाकूड तिने जमवलं होतं. मोजमापं पक्की होती. अडत होतं ते चाकांपाशी. फळ्यांना सरस लावून त्या एकमेकींना जोडायच्या, वर जड दगड ठेवायचा, आणि सांधा पक्का वाळेपर्यंत जागचं हलवायचं नाही, असं ते काम. रात्रभर तरी त्याला धक्का लागता कामा नये.

पण घंटा व्हायची. आत्या यायची.

“उचल गं ते.”

“आत्या, सरस ओला आहे. आजची रात्र राहू दे.”

“राहू दे? लोक काय म्हणतील? तुझी आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. उचल!”

आत्या म्हणजे सगुणाच्या वडिलांची थोरली बहीण. आईच्या मागे तिनेच हे घर सांभाळलं होतं. मनाने वाईट नव्हती ती. पण घंटा कानावर पडली, की तिच्या अंगात वारं शिरे. चाक पोत्यात जाई. सकाळी बाहेर काढावं, तर सांधा निसटलेला. सगुणा सरस खरवडून काढी आणि पुन्हा लावी. संध्याकाळी पुन्हा तेच.

किती वेळा? अहो, मोजत बसलं तर मोजण्यातच आयुष्य जाईल. एका सकाळी निसटलेलं चाक हातात घेऊन सगुणा वडिलांच्या खोलीत गेली, तेव्हा ते हसून म्हणाले, “राहू दे बाळा. मला सवय झाली आता या भिंतीची.”

ते वाक्य सगुणाच्या काळजात रुतलं. पाय गेल्याचं दुःख तिने सोसलं होतं. भिंतीची सवय होणं तिला सोसवेना.

ती सरळ बाजूच्या पडवीत गेली. पडवीत मोडका नांगर होता, फुटकी मडकी होती, आणि उजेड होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घरातली सगळ्यात चांगली जागा अडगळीला दिलेली! सगुणाने पदर खोचला.

आधी तिने अडगळ निपटली. जुनं दार आडवं टाकून कमरेइतक्या उंचीचा ओटा केला, म्हणजे वाकून वाकून पाठ मोडायला नको. भिंतीत खुंट्या ठोकल्या. करवत, रंधा, पटाशी, हातोडी, गिरमिट एकेका खुंटीला अडकवलं आणि प्रत्येकाभोवती गेरूने रेघ ओढली. आता हत्यार काढलं, की भिंतीवर त्याची रिकामी आकृती राही आणि बजावून सांगे, इथलं इथेच आणून ठेव. चांगल्या मडक्यांमध्ये खिळे वेगवेगळे झाले, बारीक एकात, जाड दुसऱ्यात. जड सामान खाली, रोज लागणारं हाताशी. लाकडाचे उरलेले तुकडे टोपलीत. भुसा झाडायला केरसुणी, तिलाही एक खुंटी आणि तिच्याही भोवती गेरू.

मग तिने चाक जोडलं, त्यावर दगड ठेवला आणि हात झटकले.

घंटा झाली. सगुणा जागची हलली नाही.

आत्या पडवीच्या दारात आली आणि थबकली. “अगंबाई! हे काय मांडलंयस?”

“कामाची जागा.”

“घर आहे का सुताराचा अड्डा? आणि हे भिंतीवर काय लिंपलंस?”

“हातोडीचं घर आहे ते. तिला आता रात्री पोत्यात घुसमटायला नको.”

“जीभ फार चालते तुझी. पसारा आवर आधी.”

“आत्या, यातली एक वस्तू दाखव जी भलत्या जागी आहे. दाखव, मी या क्षणी आवरते.”

आत्याने पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सापडेना, तशी ती जास्तच चिडली. “पण दिसतंय ना सगळं!”

“दिसू दे.”

इतकं साधं उत्तर त्या गावात आजवर कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर दुसरा विषय नव्हता. बाया मुद्दाम पडवीवरून वाट काढू लागल्या. “सगुणे, लग्नात काय मागशील गं, शालू की करवत?” एकीने विचारलं. “करवत,” सगुणा म्हणाली, “शालू तुझ्या विणकराकडून पुरा व्हायचा नाही.” बाईने घागर सावरली आणि वाट धरली, कारण तिचा स्वतःचा शालू अजून अर्धा पोत्यातच होता.

बातमी कारभाऱ्यांकडे गेली. गावाचा कारभार त्यांच्या शब्दावर चाले. पांढऱ्याशुभ्र धोतराला कधी डाग पडू न देणारे, शांत बोलणारे गृहस्थ. ते चार माणसांना घेऊन आले आणि पडवीसमोर उभे राहिले.

“पोरी, तुझी वडिलांवरची माया आम्हाला दिसते. पण एका घराने रीत मोडली, की सगळी घरं बिघडतात.”

“कारभारीकाका, सगळी घरं गळताहेत. ती आधीच बिघडलेली आहेत.”

बरोबरच्या एकाला हसू आवरेना. त्याने खोकल्याचं निमित्त केलं.

“आम्ही काम करू नको म्हणत नाही,” कारभारी तसेच शांतपणे म्हणाले. “करावं, आणि आवरावं. एवढंच.”

“रोज मुळासकट उपटायचं आणि रोज पुन्हा लावायचं, असं झाड वाढतं का? तुम्ही दिवसभर काम करू देता आणि संध्याकाळी ते काढून घेता.”

“उद्याच्या घंटेपर्यंत पडवी मोकळी कर. नाही केलीस, तर आम्ही करू. हे सगळं नदीत जाईल.”

“नाही करणार.”

“विचार करून बोल.”

“विचार करूनच खुंट्या ठोकल्यात, काका.”

ते गेले. आत्या चुलीपाशी बसून रडली. “नाक कापलंस माझं गावात,” म्हणाली. सगुणाला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तिने आत्याला पाणी आणून दिलं. पण पडवी मोकळी केली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेपासून कामाला लागली. एकदाही तिला काही शोधावं लागलं नाही. हात भिंतीकडे जाई आणि हवं ते हातात येई. आधीचं चाक वाळून दगडासारखं घट्ट झालं होतं. खुर्ची उभी राहिली. पाठ बसली, हात बसले. दुसरं चाकही जोडून झालं, फक्त त्याचा सरस ओला होता. एक रात्र. एवढीच एक रात्र तिला हवी होती. चाक पुन्हा मोडलं आणि हत्यारं नदीत गेली, तर वडील त्या भिंतीकडेच बघत संपणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

घंटा झाली. कारभारी आले. बरोबरच्या माणसांच्या हातात पोती होती.

सगुणा ओट्यापुढे उभी राहिली. “हात लावायचा नाही.”

“बाजूला हो, पोरी.”

“नाही होत.”

माणसं पुढे सरकली. तेवढ्यात घरातून काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

सगुणाचे वडील जमिनीवरून येत होते. दोन्ही हातांवर भार देत, निर्जीव पाय मागे ओढत. धोतर मळलं होतं, कोपर सोलवटलं होतं. किती काळाने त्यांना गावाने पाहिलं! आत्या धावली, “अरे, लागेल तुला!” त्यांनी तिला हातानेच थांबवलं. पडवीच्या उंबऱ्यात ते पोहोचले आणि दम खात बसले.

“कारभारी, पोतं मोठं आणलंयत ना?”

“म्हणजे?”

“अर्धवट असेल ते पोत्यात घालायचं, अशीच रीत ना आपली? मग आधी मला घाला. माझंही अर्धं अंगच चालतं. नाहीतरी तुम्ही सगळ्यांनी मला मागच्या खोलीत सारलंच होतं. मीही गप्प बसलो, घर नीटनेटकं दिसावं म्हणून. या पोरीने एकटीने मला बाहेर काढायचं ठरवलं.” त्यांनी ओट्यावरच्या चाकाकडे मान केली. “ते चाक न्यायचं असेल तर माझ्या अंगावरून न्या.”

पोतं धरलेल्या माणसाने ते हळूच पाठीमागे लपवलं, मग खाली टाकलं आणि निघून गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. चौथा जाता जाता अडखळत म्हणाला, “सगुणाताई, माझ्या पाळण्याचा एक सांधा… जमेल का बघायला?”

“घेऊन या उद्या. आणि तुमची हातोडी घेऊन या, माझी द्यायची नाही.”

कारभारी एकटेच उरले. “लक्ष्मी परत गेली या घरातून,” ते म्हणाले.

आणि मग, ऐका, आत्या बोलली. रोज घंटा ऐकून धावणारी तीच आत्या. भावाचं सोलवटलेलं कोपर पदराने पुसत, वर न बघता ती म्हणाली, “माझ्या भावाला उंबऱ्यात बघून जी लक्ष्मी परत जाते, ती जाऊ दे कारभारी. तिला माझ्या घरात काही काम नाही.”

सांधा वाळला. चाक बसलं. सगुणा आणि आत्या दोघींनी मिळून खुर्ची ढकलत नदीकाठी नेली. वडिलांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “सगे, तू सांगायचीस त्यापेक्षा फार मोठी आहे गं नदी.” आणि गळ मागितला.

पुढे त्या गावात हळूहळू घराघरांत पडवी जागी झाली. कुठे खिडकीखालचा कोपरा, कुठे गोठ्याची एक बाजू, कुठे नुसती एक फळी आणि चार खुंट्या. भिंतींवर गेरूच्या रेघा उमटल्या. पाळणे वेळेवर होऊ लागले, छपरं गळायची थांबली. घंटा अजूनही वाजते. आता ती ऐकून लोक एवढंच करतात, की वापरलेलं हत्यार त्याच्या खुंटीला अडकवतात, भुसा झाडतात, आणि अर्धं झालेलं काम आहे तिथेच, उद्यासाठी, ताठ मानेने उभं राहू देतात. कारभाऱ्यांचं घर मात्र शेवटपर्यंत कोरं राहिलं. पाऊस आला की ते त्या कोऱ्या घरात भांडी मांडून बसत.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढंच ध्यानात ठेवा: ज्या कामाला घरात हक्काची जागा नसते ते कधीच पुरं होत नाही, आणि मागून मिळत नसेल तर ती जागा आपणच खुंट्या ठोकून घ्यावी लागते.