नाव नसल्याचा दाखला

वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा मिळाली होती, पण सोमवारपर्यंत पोलिसांचा चारित्र्य दाखला नेऊन दिला नाही, तर ती दुसरीला जाणार होती. म्हणून शुक्रवारी यमुना डोंगरदिवे चौथ्यांदा ठाण्याची पायरी चढली.

हवालदार खर्चे यांनी जाडजूड रजिस्टरावर हात आपटला. "बाई, तालुक्यातला वीस वर्षांतला एकेक गुन्हेगार यात आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. तीनदा पाहिलं, तुमचं नाव कुठेच नाही. नावच नाही, तर दाखला कशावरून देऊ?"

यमुनेने टेबलावरचा कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"राहू द्या दाखला, साहेब. आत्ता बोललात तेवढंच लिहून द्या. मी रिकाम्या हाताने का परत आले, ते वसतिगृहात दाखवते."

"त्यात काय, घ्या!" खर्चेंनी ऐटीत लिहिलं: 'रजिस्टर तपासले. यमुना डोंगरदिवे यांच्या नावे एकही गुन्हा आढळला नाही.' खाली सही केली, शिक्का मारला.

यमुनेने कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

"साहेब, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणता, पण आज दाखला सुटला बघा. यालाच दाखला म्हणतात. पुढच्या बाईला पहिल्याच खेपेला द्या."