राजेसाहेबांची मान

सोनवडीच्या राजेसाहेबांना नव्या घोड्यांसाठी जागा हवी होती. नाटक मंडळीची तालमीची जागा काढून घ्यावी, म्हणून ते स्वतःच तिथे येऊन धडकले. आत भिकाजी मास्तर नटांना सिंहासनावर बसायला शिकवत होते.

"बसायला कसली आलीय तालीम? ते आम्हाला जन्मतःच येतं!" राजेसाहेब हसले.

"मग सरकार, एकदा बसून दाखवा. नजर मात्र समोर हवी."

राजेसाहेब ऐटीत नाटकातल्या सिंहासनापुढे उभे राहिले. पण बसता बसता त्यांची मान नकळत मागे वळलीच. मग मास्तरांचा एक नट आला. समोर रोखून पाहत तो सावकाश, नेमका बसला.

राजेसाहेबांचं कुतूहल चाळवलं. "न बघता याला सिंहासन कळलं कसं?"

"पोटरीला कड लागली की कळतं, सरकार."

"एवढंच?"

"एवढंच. पण तेवढं शिकलं नाही, तर आपलं सिंहासन जागेवर आहे का, हे खऱ्या राजालाही वळून बघावं लागतं."

घोडे जुन्या पागेतच राहिले. पुढच्या दरबारात राजेसाहेब बसले तेव्हा मान ताठ होती. फक्त एक पाय हळूच मागे सरकला.