बांधलेला उजवा हात

एकदा एका म्हाताऱ्या वैद्याने चार वर्षांच्या पोरीचा धडधाकट हात उपरण्याने तिच्या अंगाशी बांधून टाकला. धडधाकट म्हणतोय मी, नीट वाचा. अधू होता तो डावा. त्याला त्याने मोकळा ठेवला.

पोरीचं नाव शेवंता. जन्मतानाच मेंदूला इजा झाली आणि डावी मूठ मिटली ती मिटलीच. गावाने आईची समजूत काढली की बाई, नशीब समज, डावाच गेला. जेवायला उजवा, प्रसाद घ्यायला उजवा, डाव्यावाचून कुणाचं अडलंय? आईलाही ते पटलं. पोरीने डावा पुढे केला की ती तो मागे सारायची. अशा घरात त्या हाताला काम सांगणार कोण?

वैद्य रोज सकाळी थोडा वेळ उजवा बांधी, डाव्यापुढे शेंगदाण्याचा लाडू ठेवी आणि सुपारी कातरत बसे. पोर रडे, लाडवावर मूठ आपटे, लाडू गडगडत जाई. म्हातारा तो पुन्हा आणून ठेवी. गाठ सोडली की पोटभर जेवू घाली, तेवढी माया होती त्याला. पण आईचा धीर सुटला. उद्यापासून येणार नाही, असं तिने सांगून टाकलं. वैद्याच्या हाताखाली शिकणारा शिष्य उठला आणि गाठ सोडू लागला.

"गुरुजी, एक हात दैवाने नेला, दुसरा आपण बांधता. ही विद्या की वैर?"

"गाठीवरचा हात काढ आधी," वैद्य म्हणाला. "तुमच्या शेताचा बांध कोण कोरतो?"

"चुलते."

"का?"

"आमचं पडीक आहे म्हणून."

"मग झालं तर. मेंदूतही प्रत्येक अवयवाची जमीन असते. राबेल त्याची. हिचा डावा कधी कसायला उभाच राहिला नाही, शेजाऱ्याने जागा दाबली. पण लेकरांचे बांध ओल्या मातीचे असतात लेका, ते सरकतात. थोरांचेही सरकतात, फक्त उशिरा आणि कुरकुरत. उजव्याला घटकाभर घरी बसवल्याशिवाय डावा औताला हात लावायचा नाही. सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. जेवढं येईल तेवढं का सोडायचं?"

शिष्य काही बोलणार तोच आईने त्याचं मनगट घट्ट धरलं. पोर रडायची थांबली होती. लाडू फुटला होता, आणि त्या चुऱ्यात डावा अंगठा मुठीतून बाहेर येऊन बोटांना भेटायला निघाला होता. चिमूट कसली, चिकटलं म्हणा. पण ते तोंडाकडे निघालं. अर्धं झग्यावर सांडलं, उरलेलं जिभेवर पोचलं. हा हात कुणाचा, अशा नजरेने पोर त्याच्याकडे बघत राहिली.

"डाव्या हाताने खाऊ नये गं," आईच्या तोंडून सवयीने निघालं, आणि तिनेच लाडवाचा चुरा त्या डाव्यापुढे सारला.

हल्ली मोठ्या दवाखान्यांत जाणते डॉक्टर हेच करतात आणि त्याला संशोधन म्हणतात. म्हणू देत. लेकराचा हात उघडतोय ना?

दुसऱ्या दिवशी गाठ आईनेच मारली. आणि शिष्याने लाडू वळले ते आधीपेक्षा लहान, चिमटीत मावतील एवढे.