सशिणीच्या नावाने

नदीकाठच्या एका रानात एक सशीण आपल्या सशाबरोबर सुखाने राहत असे. एके वर्षी पुरात त्यांचे बीळ वाहून गेले आणि दोघे बोरीच्या जाळीखाली दिवस काढू लागले. त्या रानात मोहाचे एक जुने झाड होते. त्याची फुले खडकाच्या खळग्यात पडून आंबत आणि ते पाणी प्यायले की झिंग येई. बेघर झालेला ससा दुःख विसरायला एकदा तिथे गेला, मग रोजच जाऊ लागला. तो एकटा नव्हता, मुलांनो. माकड, कोल्हा, रानडुक्कर, कितीतरी जणांना त्या पाण्याची चटक लागली होती.

औषधी मुळ्या ओळखणारे एक मुंगूस रानातल्या प्राण्यांच्या सभेत म्हणाले, "वरच्या माळावर मला थोडी जागा द्या. या आजाऱ्यांना मी तिथे ठेवून घेईन आणि बरे करीन." माळाच्या कडेला राहणारे साळिंदर काटे फुलवून उठले. "झिंगलेली डुकरे आमच्या दारात? तिथे आमची पिल्ले खेळतात! आणि पुरात घर गेलेल्यांचे काय? या बिचाऱ्या सशिणीकडे बघा. माळावर बिळेच झाली पाहिजेत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. "माळ मोठा आहे, दोन्ही होईल," असे मुंगूस म्हणत होते, पण ऐकतो कोण? तेवढ्यात सशीण पुढे आली. "मला बीळ हवेच आहे. पण माझा ससा तिकडे मरायला टेकलाय. त्याला औषधही हवे." साळिंदर तिच्यावर खेकसले, "तू गप्प बस बाई! तुझ्यासाठीच भांडतोय ना आम्ही?" मुंगूस नदीपलीकडे निघून गेले.

माळावर बिळे झाली. उंचावरची, कोरडी बिळे साळिंदराच्या भाऊबंदांनी अडवली आणि त्यांतली निम्मी तशीच रिकामी ठेवली. सशिणीला पार उताराच्या तळाचे एक मिळाले. ही बातमी सांगायला ती सशाला शोधत गेली, तर तो खळग्याच्या काठावर निपचित पडला होता. तिने हलवले, हाका मारल्या. तो उठला नाही.

साळिंदर सांत्वनाला आले. म्हणाले, "वाईट झाले हो. पण डोक्यावर छप्पर तरी मिळाले ना तुला!"

सशीण संतापाने त्यांच्यावर उसळली. "माझे नाव घेऊ नका! पुरानंतर मी जाळीखाली भिजत होते, तेव्हा एकदा तरी विचारपूस केलीत? आजारी जनावर तुम्हाला डोळ्यांसमोर नको होते. तसे म्हणायची लाज वाटली, म्हणून मला पुढे केलेत. निघा इथून!"

ती तडक नदीपलीकडे गेली आणि मुंगसाला म्हणाली, "माझ्या बिळात तुझ्या मुळ्या ठेव. दारापुढे आजारी निजतील."

"आणि तू कुठे राहशील?"

"उंचावर रिकामी बिळे पुष्कळ आहेत. मला तिथून कोण काढतो, तेच बघते!"

दुसऱ्या दिवशी एक रानडुक्कर झोकांड्या खात माळावर आले. त्याला हुसकायला साळिंदर धावले, पण सशीण आडवी उभी राहिली. "आधी मला तुडवा, मग त्याला हात लावा." डुकराची म्हातारी आई येऊन तिच्याशेजारी उभी राहिली. मग माकडीण आली, मग कोल्हीण. कोणी जागचे हलले नाही. साळिंदराने सगळ्यांकडे पाहिले, काटे मिटले आणि ते खाली मान घालून आपल्या बिळात शिरले. मुंगूस सशिणीच्या बिळापुढे मुळी उगाळायला बसले.

तात्पर्य : बेघराला पुढे करून जो आजाऱ्याला हाकलतो, त्याला ना बेघराची कणव असते, ना आजाऱ्याची.