डावा खांदा

“महाराज, ह्यालाच समाधी म्हणतात ना?”

रंगराव घोरपड्यांनी डोळ्यांवरचा धुळीचा चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं.

बहिरंग गोसावी लिंबाखाली बसले होते.

संस्थानने माळावर मोटारी पळवून पाहायला गोल सडक बांधली, तेव्हा गोसाव्यांची झोपडी नेमकी मधोमध आली. ते उठले नाहीत, आणि त्यांना उठवायला कोणी धजावलं नाही. तेव्हापासून नव्या मोटारी, नवे ब्रेक, नवी चाकं त्यांच्याभोवती भरधाव फिरत. दुपारच्या उन्हात ती सडक पाण्यासारखी हलायची. मोटार तिच्यावरून तरंगत गेल्यासारखी दिसायची.

आज विलायती टायर तपासायचे होते. रंगराव संस्थानातले सगळ्यांत वेगवान चालक. ते त्यांनाही ठाऊक होतं.

“वेगाचा काटा शेवटाला टेकला,” ते सांगू लागले. “आधी आवाज ऐकू येईनासा झाला. मग वारा लागेना. हात स्टिअरिंगवर होते, पण माझे नव्हते... गाडी जागच्या जागी उभी, महाराज. माळच तेवढा वाहत होता. मी उरलोच नाही.”

“शेजारी कोण होतं?”

“शेजारी?... कासम मिस्त्री. टायरवर नजर ठेवायला.”

“काय म्हणत होता?”

“तेव्हा कुठलं बोलणं, महाराज!”

गोसावी उठले. त्यांनी रंगरावांच्या डाव्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

रंगराव कळवळले.

सदरा बाजूला करून पाहिलं. खांदा काळानिळा पडला होता.

कशानं, ते त्यांना आठवेना...

दोघं मोटारीपाशी आले. कासम तिला टेकून जमिनीवर बसला होता. पुढच्या टायरचं रबर सोलून निघालं होतं, आतले धागे लोंबत होते.

“कासम... तू मारलंस मला?”

“हाक पोचेना, सरकार. टायर सुटायला लागलं, म्हणून बुक्क्या घातल्या. लई घातल्या.”

“मग?”

“मग हात थकला... पेट्रोल संपलं म्हणून वाचलो.”

“तोवर काय केलंस?”

कासमनं मान वर केली.

“तुमच्या तोंडाकडं बघत बसलो. तुम्ही हसत होता.”

रंगराव त्याच्यासमोर मातीतच बसले. वारा पडला होता. तापलेलं इंजिन मधूनच टिकटिकत होतं...

“उद्या दुसरे टायर बघायचेत,” शेवटी रंगराव म्हणाले. “कशी चालवू, महाराज?”

गोसावी कासमकडे वळले.

“तुला गाडी चालवता येते का रे?”

“येते की.”

“मग उद्या,” गोसावी रंगरावांना म्हणाले, “तू शेजारी बस.”