रिकामी शिडी

"...पण 'मोकळी हो' असं सांगून कुणी मोकळं होतं का, भन्तेजी?"

उत्पला टेकडी चढून आली ती बोलतच आली. चपला पायातच होत्या. भन्ते रत्नशीलांनी तिच्या पायांकडे पाहिलं, तशी ती ओशाळून मागे फिरली, चपला विहाराच्या पायरीखाली काढल्या आणि बोलणं तुटलं होतं तिथून पुन्हा जोडलं.

चीवर घेऊन भिक्खू होण्याआधी भन्ते खालच्या गावातल्या शाळेत इतिहास शिकवायचे. उत्पला त्यांची विद्यार्थिनी. आता त्याच शाळेत तोच विषय ती शिकवत होती. साम्राज्यं नुसती पुस्तकात राहता कामा नयेत, ती पोरांच्या अंगात आली पाहिजेत, असा तिने पणच केला होता.

"सावकाश सांग," भन्ते म्हणाले. पताकांची दोरी एका टोकाला सुटून लोंबत होती. ते भिंतीला बांबूची शिडी लावत होते.

"सातवीत खेळ घेतला. बाकांची एकेक रांग म्हणजे एकेक साम्राज्य. रोम, इराण, मंगोल. उत्तरं चुकली की ती रांग मांडलिक. मांडलिकाने जिंकलेल्याचं ऐकायचं."

"पोरं खूश झाली असतील."

"खूश? वेडी झाली! न सांगता धडे वाचून यायला लागली. मंगोलांचा तो ओजस मला म्हणतो, 'मॅडम, बगदाद राहू दे, आम्ही थेट मुख्याध्यापकांच्या ऑफिसवर चाल करतो.'"

भन्ते हसले. उत्पला हसली नाही.

"कावेरी हरलेल्या रांगेत होती. मंगोलांनी तिला पाण्याच्या बाटल्या भरायला लावल्या. तिने भरल्या. दप्तरं उचलायला लावली. उचलली. मी बघत होते. मला वाटलं... खेळच आहे."

"मग?"

"काल खेळ बंद केला. आता कुणी राजा नाही, कुणी मांडलिक नाही, असं खडसावून सांगितलं. मधली सुट्टी झाली आणि कावेरी उठली. कुणी काही म्हटलं नव्हतं, भन्तेजी. कुणीच नाही. तिने मंगोलांच्या बाकांवरच्या बाटल्या गोळा केल्या आणि नळाकडे निघाली."

वाऱ्याने पताका भिंतीवर आपटल्या.

"मी ओरडले, 'कावेरी, ठेव त्या खाली!' तिने लगेच ठेवल्या. 'जागेवर बस.' लगेच बसली. हात मांडीवर घेऊन. तिने माझंही तसंच ऐकलं. अगदी तसंच."

"हं..."

"आज पहिला तास माझाच आहे. मी काहीही म्हटलं तरी ती ऐकणार. हेच तिच्या अंगवळणी पडलं तर? जन्माचं? मी केलंय हे. काय करू सांगा. लवकर सांगा, शाळा भरत आली."

"शिडी धर," भन्ते म्हणाले.

उत्पलाने शिडी धरली. भन्ते वर चढले, दोरी खिळ्याला गुंडाळली, ओढून पाहिली आणि उतरले. हात झटकत ते तिच्या मागून निघून गेले.

उत्पला शिडी धरून उभी राहिली.

तार आणायला गेले असतील, तिने मनाशी म्हटलं. की दुसरं टोकही बांधायचंय? समोर चुन्याची भिंत, डोक्यावर पताका. मनात मात्र सातवीचा वर्ग भरला होता. दाराजवळचं कावेरीचं बाक. मांडीवर हात. आज ती आलीच नाही तर? आणि आली तर? आल्या आल्या बाटल्यांकडेच गेली तर?

"भन्तेजी, परत चढायचंय का?"

उत्तर नाही.

बांबूच्या पेरांतून तांबड्या मुंग्यांची रांग तिच्या मनगटापर्यंत आली. तिने फुंकर मारली. हात हलवला नाही. एक मुंगी चावली. तिने ओठ मिटून घेतले. ऊन मानेवर आलं. खाली शाळेची पहिली घंटा झाली.

"भन्तेजी... सोडू का?"

उत्तर नाही.

"शिडी सोडू का, भन्तेजी?"

पताका तेवढ्या फडफडल्या.

मग मात्र तिला राग आला. आपण जीव मुठीत धरून इथवर आलो आणि हे आत जाऊन बसले! तिने मान वर केली. पायऱ्या एकावर एक वर गेल्या होत्या. शिडीवर कुणीही नव्हतं.

तिने हात काढले.

शिडी जागची हलली नाही.

ती गर्रकन वळली. भन्ते दाराच्या चौकटीत उभे होते.

"तुम्ही इथेच होता?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? मी विचारत होते!"

"काय विचारत होतीस?"

"सोडू का म्हणून."

"मी 'सोड' म्हटलं असतं तर?"

"तर सोडली असती की!"

"हं."

उत्पलाच्या तळहातांवर बांबूचे वळ उठले होते. ती त्या वळांकडे बघत राहिली.

"पण तुम्ही माझे सर आहात," ती हळूच म्हणाली.

"तू तिची मॅडम आहेस."



"म्हणजे मी तोंड शिवून बसायचं?" उत्पला एकदम उसळली. "तिने पुन्हा बाटल्या उचलल्या तरी?"

"बाटल्या ज्यांच्या आहेत त्यांना सांग. ठणकावून सांग. त्यांना सांगितलेलं लागू पडतं."

"आणि कावेरीला?"

"तिला विचार."

"काय?"

"ज्याचं उत्तर तुला येत नाही असं काहीतरी."

"इतिहासातलं?"

"इतिहासात अशा प्रश्नांना काय तोटा?"

उत्पला पायरीखाली गेली. एक चप्पल घातली, दुसरी पायाने चाचपत राहिली.

"आणि ती गप्पच बसली तर?"

"थांब."

"किती थांबू? तास संपेल, भन्तेजी. पोर्शन राहिलाय. ती मंगोल पोरं खिदळायला लागतील. आणि ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसेल, काय ऐकायचंय मला म्हणून..."

खाली दुसरी घंटा झाली. उत्पला टेकडीच्या दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा वळली.

"सांगा ना. किती वेळ?"

भन्ते शिडी खांद्यावर घेत होते.

"तू हात काढेपर्यंत मी दारात किती वेळ उभा होतो," ते म्हणाले, "ते तू विचारलं नाहीस."