सरासरीचा गारवा

वाळवंडीच्या सूतगिरणीत म्हातारपणासाठी बचत योजना होती. नोकरदार जेवढे पैसे ठेवील, तेवढीच भर गिरणी घालायची. अधिकाऱ्यांनी भरपूर ठेवले. कामगारांचा पगार महिनाभर पुरत नव्हता, ते काय ठेवणार? योजनेत भेदभाव होतो का, हे पाहायला सरकारी तपासनीस आले.

मालक निंबाळे आपल्या गार खोलीत ऐटीत म्हणाले, "आमच्या गिरणीत सरासरी बचत पगाराच्या पाच टक्के आहे. मग भेदभाव कुठला?"

साक्षीला बोलावलेले कामगार माना खाली घालून उभे राहिले. एकतीस वर्षं सूत गुंडाळणाऱ्या हौसाबाई लोखंडेंना ते बघवेना. त्या म्हणाल्या, "मालक, ही खोली गार हाय आन् आमचं सूत गुंडाळायचं खातं भट्टीवानी तापतंय. सरासरी काढली तर सगळी गिरणी गारच की! मग आजची दुपार आमच्या खात्यात बसा. घाम आला, तर सरासरीनं पुसा."

तपासनिसांनी आकडे तिथल्या तिथे वेगवेगळे मागवले. अधिकाऱ्यांची बचत पंधरा टक्के निघाली, कामगारांची एक. योजना नापास झाली. येत्या एप्रिलपासून प्रत्येक कामगाराच्या नावे गिरणीनेच पैसे भरावेत, असा हुकूम निघाला.

बाहेर येताच सोबतीण शेवंताने विचारलं, "हौसाक्का, तुमची नोकरी तर ह्या शनिवारी संपतीया. तुमाला काय मिळणार?"

"काय बी न्हाई."

"मग बोललासा कशाला?"

हौसाबाई पायरीवर मटकन बसल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "अगं, ज्याची नोकरी उरलीया, त्याला बोलता येतंय व्हय?"